चला, चित्रं पाहायला!

मैत्रिणींनो, आमच्या स्वयंपाकघरात फडताळाच्या दाराला एक पोस्टकार्ड चिकटवलेलं आहे. त्यावर एक धट्टीकट्टी बाई आहे. डोक्याला पांढरं फडकं, अंगात पिवळी चोळी, कमरेला निळं ॲप्रन. खिडकीपाशी उभी राहून ती मातीच्या भांड्यात दूध ओतते आहे. टेबलावर पाव ठेवलेत. बस्स, एवढंच चित्र! हॉलंडच्या योहानेस व्हर्मीर या चित्रकारानं ते १६६०च्या सुमाराला काढलं. आज ते ॲमस्टरडॅमच्या राइक्स म्युझियममध्ये आहे आणि त्याची नक्कल राजूरला, आमच्या मिसळणाच्या डब्याशेजारी!

हे कार्ड माझ्या पुण्याच्या जाऊबाईंनी आणलं. गेल्या वर्षी एप्रिलात त्या एका गटाबरोबर युरोपच्या सहलीला गेल्या होत्या. बारा दिवसांत पाच देश! मे महिन्यात चार दिवस आमच्याकडे आल्या, तेव्हा आम्ही सगळ्यांनी त्यांच्याभोवती कोंडाळंच केलं. पवनचक्क्यांचं गाव, हिरवीगार कुरणं, गळ्यात घंटा बांधलेल्या गाई, सगळं ऐकून झालं. मग मी विचारलं, "आणि पॅरिसला मोनालिसा पाहिलीत की नाही?"

"पाहिली म्हणायची!" जाऊबाई हसल्या. "चित्र केवढं, तर ७७ सेंटिमीटर उंच नि ५३ रुंद. पुढं काच, आणि काचेपुढं ही गर्दी! मला चित्र कमी आणि लोकांचे वर केलेले मोबाइलच जास्त दिसले. आमचा गाइड झेंडी घेऊन पुढं, आम्ही धापा टाकत मागं. दीड तासात अख्खं संग्रहालय उरकलं बघ."

"मग हे कार्ड?"

"अगं, ॲमस्टरडॅमला माझे पाय इतके दुखले की मी सरळ एका बाकावर बसकण मारली. बाकीची मंडळी फिरून येईपर्यंत अर्धा तास तिथंच. समोर ही बाई होती, म्हणून हिलाच पाहिलं. आता सगळ्या सहलीतलं डोळे मिटून सांगता येईल असं हे एकच चित्र!"

सासूबाई भिंतीला टेकून शेंगा फोडत होत्या. इतका वेळ काही बोलल्या नव्हत्या. आता म्हणाल्या, "चितरं बघायला इतक्या लांब गेलीस व्हय तू? मग आपल्या अजिंठ्यात काय हाय गं?"

आम्ही दोघी एकमेकींकडे पाहतच राहिलो. जाऊबाई लहानपणी शाळेच्या सहलीत गेलेल्या. त्यांना फक्त माकडं आठवत होती. मी शाळेत अर्धवेळ शिकवते, त्यामुळे मुलांना घेऊन दोनदा गेले आहे. पण दोन्ही वेळा माझा दिवस पोरं मोजण्यातच गेला! आणि सासूबाई? त्यांचं तर माहेर अजिंठ्याच्या बाजूचं. त्या कधीच गेल्या नव्हत्या.

त्या दिवशी त्यांनी सांगितलं ते मी लग्नाला बारा वर्षं झाली तरी ऐकलं नव्हतं. १९७२चा दुष्काळ. सासूबाई तेव्हा पंधरा वर्षांच्या. आईबापाबरोबर दुष्काळी कामावर रस्त्याची खडी फोडायला जायच्या. लाल मिलोची भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी, एवढंच पोटाला. समोरच्या सडकेनं मोटारी जायच्या. आत गोरी माणसं. एकदा त्यांनी मुकादमाला विचारलं, ही माणसं कुठं जातात हो? तो म्हणाला, डोंगरात चित्रं आहेत, ती बघायला.

"मला लई नवल वाटलं," सासूबाई म्हणाल्या. "म्हटलं, ह्यांच्या देशातून माणसं चितरं बघाया येतात, आन् आपुन हितं हाकेवर खडी फोडतोय. एकदा बघू म्हटलं. मग लगीन झालं. मग राह्यलंच."

पन्नास वर्षं उलटून गेली, मैत्रिणींनो, आणि ते 'राह्यलंच'.

तुम्ही म्हणाल, मग गाडी काढायची आणि जायचं, त्यात काय एवढं! पण घरोघरची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. बाईला घराबाहेर पडायला कारण लागतं. लग्न, बारसं, दवाखाना, नाहीतर देवदर्शन. आमचं राजूर तर गणपतीच्या साडेतीन पीठांत गणलं जाणारं. चतुर्थीला गावोगावच्या बाया पायी चालत येतात. त्यांना कुणी 'कशाला?' म्हणत नाही. पण 'चित्रं पाहायला जाते' असं म्हणून पाहा बरं! आमच्या भिशीत मी हा विषय काढला, तेव्हा एकीनं हळूच सुचवलं, "घरी देवदर्शनाला चाललो असंच सांगू या का?" मी म्हटलं, "नको गं बाई. एकदा खोटं कारण दिलं की पुढच्या वेळी त्याहून मोठं द्यावं लागतं. चित्रं पाहायला चाललोय, असंच सांगायचं." एकीच्या सासूनं विचारलं, "तिथं देव नाही तर जायचं कशाला?" दुसरीचे मालक म्हणाले, "टीव्हीवर दिसतं की सगळं." आमचे 'हे' मात्र एवढंच म्हणाले, "आईला जिन्यावर नीट धर."

आम्ही अकरा जणी. भिशीच्या हप्त्याबरोबर दरमहा शंभर रुपये वेगळे काढायचं ठरलं. मे ते डिसेंबर आठ महिने. कुणाच्या घरखर्चाला धक्का लागला नाही आणि हात पसरावा लागला नाही.

मध्येच जुलैत एक गोष्ट घडली. सासूबाई उंबऱ्याला सारख्या अडखळायला लागल्या. बाजूला ठेवलेला तांब्या दिसेना, कलंडायचा. आम्ही म्हटलं चष्म्याचा नंबर वाढला असेल. जालन्याला डोळे तपासले, तर काचबिंदू निघाला. मोतीबिंदूसारखं हे शस्त्रक्रियेनं परत दिसू लागत नाही. डोळ्यातला दाब वाढून मागची नस हळूहळू निकामी होते. बाजूची नजर आधी जाते आणि गेलेली नजर परत येत नाही. औषधाचे थेंब रोज, न चुकता घालायचे, म्हणजे आहे ती टिकवता येते. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कळतही नाही. तेव्हा मैत्रिणींनो, चाळिशी आली की चष्म्याच्या नंबराबरोबर डोळ्याचा दाबही तपासून घ्या. घरात कुणाला काचबिंदू असेल, तर त्यांच्या भावंडांनी आणि मुलांनी तर नक्कीच. आमच्या ह्यांनी आणि पुण्याच्या भाऊजींनीही घेतला.

एरवी मी 'यंदा परीक्षा आहेत, पुढच्या वर्षी पाहू' असं म्हटलं असतं. आता ते शब्द तोंडातून निघेनात.

जाण्यापूर्वी भिशीच्या दोन संध्याकाळी मी मैत्रिणींना थोडी माहिती सांगितली. काय पाहायचं ते आधी ठाऊक असलं की डोळ्यांना ते सापडतं. डोंगरात तीस लेणी आहेत. जुनी, म्हणजे नववं आणि दहावं ही त्यातली, इसवी सनापूर्वीची. बाकीची बरीच वाकाटकांच्या काळातली, पाचव्या शतकातली. मग ती रानात हरवली. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीला आला असताना त्याला ती दिसली. पुढं रॉबर्ट गिल यानं १८४४पासून वर्षानुवर्षं इथं राहून चित्रांच्या नकला केल्या. त्या लंडनला पाठवल्या आणि १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळाल्या. मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या ग्रिफिथ्स साहेबांनी विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही पुष्कळशा १८८५ साली लंडनच्या संग्रहालयातल्या आगीत गेल्या! नकला सातासमुद्रापार जळाल्या आणि मूळ चित्रं आमच्या शेजारच्या दरीत राहिली.

पण आमच्या बायकांना सगळ्यांत आवडली ती ख्रिस्तिआना हेरिंगहॅमची गोष्ट. ही इंग्रज चित्रकर्ती १९०९ ते १९११ च्या हिवाळ्यांत अजिंठ्याला आली, तेव्हा तिनं पन्नाशी ओलांडली होती. तंबूत राहिली. कलकत्त्याहून आलेले नंदलाल बोस, असितकुमार हलदार असे तरुण चित्रकार तिच्या हाताशी होते. त्या सगळ्यांनी केलेल्या नकलांचं पुस्तक १९१५ साली निघालं. "पन्नाशीत? आणि तंबूत?" आमच्यातली एक उद्गारली, "आणि आपण गुडघे दुखतात म्हणून वरच्या आळीला जात नाही!"

डिसेंबरातल्या एका शनिवारी पहाटे सहाला आमची क्रूझर निघाली. कापसाची वेचणी चालू होती, तूर फुलावर होती. थंडी अशी की सगळ्या जणी डोक्यावरून शाली घेऊन. भोकरदनला चहाला थांबलो, तेव्हा मी म्हटलं, "बायांनो, आपल्या तालुक्याची एक बाई आपल्याआधी दोन हजार वर्षं परदेशी गेलीय, ठाऊक आहे का?"

हे अगदी खरं आहे हं. इटलीतलं पॉम्पेई शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. तिथं १९३८ साली खोदकामात वीतभराहून थोडी मोठी, हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. गळ्यात, हातापायांत भरघोस दागिने, दोन्ही बाजूंना दोन छोट्या दासी. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. इकडे १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी मिळून भोकरदनला उत्खनन केलं. जुन्या काळी या गावाला भोगवर्धन म्हणत आणि ते व्यापाराचं मोठं ठाणं होतं. इथंही त्याच धाटणीची हस्तिदंती मूर्ती निघाली. त्यावरून पॉम्पेईची मूर्ती भोकरदनलाच घडली असावी, असं मत पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी मांडलं. चहाचे कप हातात तसेच राहिले. "म्हणजे आपल्या बाजारपेठेतून गेली?" एकीनं विचारलं. "आणि अजून आलीच नाही परत!" दुसरी म्हणाली, आणि सगळ्या जणी खळखळून हसल्या.

साडेनऊच्या सुमाराला फर्दापूरच्या फाट्यावर पोचलो. खाजगी गाड्या तिथंच ठेवाव्या लागतात. पुढचे चार किलोमीटर तिथल्या बसनं जायचं. लेण्यांपाशी उतरल्यावर पायऱ्या आहेत. म्हाताऱ्या माणसांसाठी डोली मिळते. मी सासूबाईंसाठी ठरवायला गेले, तर त्या म्हणाल्या, "जित्यापनी कामून चार जनांच्या खांद्यावर बसू? ती येळ आल्यावर बसंन." सगळ्या हसल्या, डोलीवालेही हसले. मग एका बाजूनं मी, एका बाजूनं अंगणवाडीच्या ताई, असं धरून आम्ही त्यांना हळूहळू वर नेलं.

रंगचित्रांच्या लेण्यांत चपला बाहेर काढून जावं लागतं. आत उजेड मुद्दाम मंद ठेवलेला असतो, कारण प्रखर उजेडानं रंग उडतात. म्हणून फ्लॅशचीही मनाई. पहिल्या लेण्यात शिरलो आणि माझ्या काळजात धस्स झालं. मलाच धड दिसेना, तर सासूबाईंना काय दिसणार! इतकी वर्षं थांबून आपण त्यांना अंधार दाखवायला आणलं की काय? लोक येत होते, मोबाइल वर करत होते, दोन मिनिटांत बाहेर पडत होते. आम्ही भिंतीच्या कडेनं उभ्या राहिलो. पाचेक मिनिटं गेली असतील. डोळे सरावले आणि अंधारातून हळूहळू एक चेहरा वर आला. पद्मपाणी! खाली झुकलेले डोळे, डोक्यावर मुकुट, हातात निळं कमळ.

"आत्याबाई, दिसतंय का काही?"

"थांब जरा. मला एका टायमाला एवढुसंच दिसतं." त्यांनी चिमूट दाखवली. मग बराच वेळ गप्प. मान सावकाश इकडून तिकडे फिरत होती. मग म्हणाल्या, "हात दिसला. फूल धरलंय. कसं धरलंय बघ, दाबलं तर चुरगळंल म्हनून भीत भीत."

मैत्रिणींनो, मी बी.ए. झालेली. पद्मपाणीचं चित्र मी पुस्तकात, कॅलेंडरवर, सरकारी पत्रकांवर शेकडो वेळा पाहिलं आहे. पण त्या बोटांकडे मी कधी पाहिलं नव्हतं! मग आम्ही सगळ्याच जणी तसं पाहायला लागलो. आधी हात, मग भुवई, मग गळ्यातल्या मोत्यांच्या माळा. आख्खं चित्र एकदम पाहायच्या नादात आपण त्यातलं काहीच पाहत नाही, हे मला सासूबाईंच्या अधू नजरेनं शिकवलं. जाऊबाईंच्या दुखऱ्या पायांनी त्यांना ॲमस्टरडॅमला शिकवलं, तेच.

दुसऱ्या लेण्यात मी मैत्रिणींना हारितीच्या मूर्तीपाशी नेलं. ही आधी लोकांची मुलं पळवून खाणारी यक्षी. बुद्धानं तिचंच धाकटं मूल लपवून ठेवलं, तेव्हा तिला आईचं दुःख कळलं आणि ती मुलांची राखण करणारी झाली. "म्हंजे सटवाईच की ही," सासूबाईंनी निकाल दिला. तिच्या पायाशी शाळा कोरली आहे. हातात छडी घेतलेले गुरुजी, पुढची मुलं अभ्यासात आणि मागच्यांचा खेळ चाललेला! पंधराशे वर्षांत मागच्या बाकांवर काही फरक पडलेला नाही, हे मी तुम्हाला शिक्षिकेच्या अनुभवानं सांगते.

सतराव्या लेण्यात एक चित्र आहे. बुद्ध झालेला सिद्धार्थ भिक्षापात्र घेऊन स्वतःच्याच दारी आला आहे. तो खूप उंच, मोठा काढलेला. समोर यशोधरा आणि लहानगा राहुल, अगदी छोटे. ती मुलाला पुढं करते आहे. आमच्यातल्या एकीचा नवरा सहा वर्षांपूर्वी कामाला म्हणून बाहेरगावी गेला, तो आलाच नाही. मुलगा तिनं शिवणकाम करून वाढवला. ती त्या चित्रासमोरून हलेना. आम्ही कुणी काही बोललो नाही. तिच्या शेजारी जाऊन उभ्या राहिलो, इतकंच. परतीच्या वाटेवर ती आपणहून म्हणाली, "तिचा हात पाहिला का? पोराच्या पाठीवरचा. ढकलत पण नाही नि सोडत पण नाही." ते चित्र तिच्याइतकं नीट आमच्यात कुणी पाहिलं नसेल.

तिथंच एका ठिकाणी रंग पडून खालचा गिलावा उघडा झाला होता. सासूबाई जवळ गेल्या, हात न लावता वाकून पाहिलं आणि एकदम म्हणाल्या, "अगं, ही तर आपल्यासारखीच भित लिपलीया! तूस हाय मातीत." आणि खरंच तसंच आहे. खडबडीत दगडावर माती, भाताचा तूस, गवताचे तंतू असा थर, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर रंग. रंगही ओळखीचेच. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, चुना, काजळी. फक्त निळा लाजवर्द अफगाणिस्तानातून येणाऱ्या खड्याचा. जन्मभर भिंती लिंपलेल्या आमच्या बायकांना हे समजावून सांगावं लागलं नाही. उलट त्यांनीच मला सांगितलं, की तूस कमी पडला तर माती वाळताना तडकते.

घरात आपण एखादी जुनी वस्तू चकाकावी म्हणून नको इतकी घासतो, तसं या चित्रांचंही झालं. नकला करताना नीट दिसावं म्हणून आधीच्यांनी वरून व्हार्निश फासलं. पुढं निजाम सरकारनं १९२०–२२ मध्ये दोन इटालियन तज्ज्ञ बोलावले. त्यांनी सुटणारे तुकडे बसवले, पण त्यांनी लावलेलं लाखेचं रोगणही कालांतरानं पिवळं पडलं. ते उतरवायचं काम नंतर पुरातत्त्व खात्याला जिकिरीनं करावं लागलं.

चोविसाव्या लेण्याशी पोचेपर्यंत सासूबाई दमल्या होत्या. हे लेणं अर्धवट सुटलेलं आहे. चित्र नाही, म्हणून लोक तिथं थांबत नाहीत. आम्ही थांबलो ते त्यांना बसायला सावली हवी म्हणून. त्या बसल्या आणि समोरचे छिन्नीचे घाव पाहायला लागल्या. कितीतरी वेळ! आतापर्यंत एकाही चित्राला त्यांनी इतका वेळ दिला नव्हता.

"वरून खाली आलेत," त्या म्हणाल्या. "आधी छत, मग खांब, जमीन शेवटाला. परांचीच लागली नसंल." लेणी अशीच खोदली गेली, हे मी पुस्तकात वाचलं होतं, त्यांनी ते घाव पाहून सांगितलं. "आन् हा काळा दगुड लई खट असतो. हात बधिर होत्यात. राती भाकर मोडवत नाही." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "ह्यांना काय भेटत आसंल गं? सुकडी?"

मला उत्तर देता आलं नाही. दान देणाऱ्यांचे शिलालेख तिथं आहेत. वाकाटकांचा मंत्री वराहदेव यानं सोळावं लेणं करवलं, हे आपल्याला ठाऊक आहे. दगड फोडणाऱ्यांच्या मजुरीचं मी कुठं वाचलेलं नाही. सासूबाईंनी पदरानं डोळे पुसले. थेंब घालायची वेळ झाली होती म्हणून, की आणखी कशानं, ते मी विचारलं नाही. पर्समधली बाटली काढली आणि थेंब घातले.

सव्विसाव्या लेण्यातला, सुमारे सात मीटर लांबीचा, महापरिनिर्वाणाचा बुद्ध पाहायला आमच्यातल्या सहा जणी गेल्या. बाकीच्या सासूबाईंपाशी बसल्या. सगळं पाहिलंच पाहिजे, अशी सक्ती कुणावर केली नाही. मग खाली उतरून, घाट चढून, एका शेतातल्या लिंबाखाली धपाटी, ठेचा, दही असं जेवलो. शेतमालकीण कापूस वेचायचा सोडून आली, आमच्याबरोबर दोन घास खाल्ले आणि पाटीभर हिरवा हरभरा बांधून दिला. परतताना वाट थोडी वाकडी करून अन्व्याचं जुनं कोरीव शिवमंदिर पाहिलं. देव नाही म्हणणाऱ्या सासूबाईंसाठी तिथला अंगाराही आणला! दिवेलागणीला घरी.

आता तुम्ही निघणार असाल, तर चार गोष्टी अनुभवाच्या. अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी. जोडून जाणाऱ्यांची इथं फसगत होते. परदेशी जाणाऱ्या मैत्रिणींनाही हेच सांगणं. पॅरिसचं लूव्र मंगळवारी बंद, तर तिथलंच ऑर्से सोमवारी. सहलीचा कार्यक्रम हाती आला की वार तपासा. आम्ही गेलो तेव्हा अजिंठ्याचं तिकीट माणशी ४० रुपये होतं आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांना ते लागत नाही. एस.टी.त बायकांना मार्च २०२३पासून निम्मं तिकीट झालं आहे, तेव्हा गाडी करणं परवडत नसेल तरी अडू नये. आमचा सगळा खर्च माणशी साडेसहाशेच्या आत बसला.

एका दिवसात तीस लेणी पाहायचा हट्ट धरू नका. पाच निवडा. प्रत्येक ठिकाणी आत गेल्यावर पाच मिनिटं नुसतं उभं राहा. पायांत लगेच काढता-घालता येतील अशा चपला हव्यात, आणि पिशवीत मोजे, म्हणजे गार किंवा तापलेल्या फरशीचा त्रास होत नाही. धपाटी न्यायची तर पिठात कांदा घालू नका, दुपारपर्यंत वास येतो. आणि पूर्ण गार झाल्यावरच कापडात बांधा. बाईमाणसांची सोय पायथ्याशी आहे, वर चढण्यापूर्वी आटोपून घ्यावी. नाहीतर लाजेपायी दिवसभर पाणी न पिता बायका डोकेदुखी ओढवून घेतात. आणि गटात एक तरी वडीलधारी बाई असू द्या. तिच्यामुळे सगळ्यांना हळू चालावं लागतं, आणि हळू चाललं तरच दिसतं.

हिशेबाअंती आमच्या डब्यात सोळाशे पन्नास रुपये उरले. ते पुढच्या सहलीला. धाराशिव जिल्ह्यात तेरला संग्रहालय आहे, तिथंही हस्तिदंताची अशी एक बाई आहे. भोकरदनवालीची बहीणच म्हणा. मुक्काम करावा लागेल, म्हणजे घरोघर पुन्हा एकदा बोलणी आली! पण या खेपेला 'देव नाही तर कशाला' असं विचारणाऱ्या त्या सासूबाईच म्हणाल्यात, "गाडीत जागा असली तर मलाबी धरा."

परवा सकाळी मी दूध तापवत होते. सासूबाई चुलीपाशी आल्या आणि म्हणाल्या, "ते कारड काढ बरं." मी काढून हातात दिलं. उजेडाकडे धरून, नेहमीसारखं चिमूटचिमूट करत, त्यांनी ते पाहिलं. आधी हात, मग भांडं, मग दुधाची धार.

"घाई नाही हिला," त्या म्हणाल्या. "बारीक धार धरलीया. चांगली बाई हाय." आणि कार्ड परत देत म्हणाल्या, "तुझं दूध ऊतू चाललंय बघ."